जनपदोद्ध्वंसाची चाहूल : रोगसर्वेक्षण आणि आपले चिकित्सालय

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसरा अध्याय आपण सर्वांनी पदवी अभ्यासक्रमात वाचला आहे. पांचाल देशातील काम्पिल्य नगरीत, गंगेच्या तीरावर, शिष्यगणासह वावरत असता भगवान पुनर्वसु आत्रेय अग्निवेशाला सांगतात की, नक्षत्रे, ग्रह, चंद्र, सूर्य, वायू, अग्नी आणि दिशा यांची लक्षणे बिघडलेली दिसत आहेत. भूमी विरस होण्यापूर्वीच औषधी गोळा करून ठेवा. यावर अग्निवेशाचा प्रश्न मार्मिक आहे. प्रकृती, आहार, देह, बल, सात्म्य, सत्त्व आणि वय ही प्रत्येकाची भिन्न असताना एकाच वेळी, एकाच व्याधीने संपूर्ण जनपदाचा नाश कसा होतो? आत्रेयांनी दिलेले उत्तर सर्वपरिचित आहे. वायू, उदक, देश आणि काल हे चार भाव सर्वांना समान असतात आणि त्यांच्या वैगुण्याने समान लक्षणांचे विकार एकाच काळी उत्पन्न होतात.

परीक्षेसाठी आपण हे चार भाव पाठ केले. परंतु या अध्यायातील एका गोष्टीकडे आपले पुरेसे लक्ष जात नाही. रुग्णांची रांग लागण्याची वाट आत्रेय पाहत नाहीत. ते आधी लक्षणे टिपतात, त्यांचा अर्थ लावतात, इतरांना सावध करतात आणि सामग्री सिद्ध ठेवण्यास सांगतात. निरीक्षण, अर्थनिर्णय, सूचना आणि पूर्वतयारी या चार पायऱ्यांनाच आजचे सार्वजनिक आरोग्यशास्त्र ‘रोगसर्वेक्षण’ असे म्हणते. प्राचीनांना सर्व ठाऊक होते, असा दावा येथे करावयाचा नाही. जंतू, प्रयोगशाळा आणि संख्याशास्त्र ही आधुनिक काळाची देणगी आहे. प्रश्न एवढाच आहे की, जी दृष्टी आपल्या संहितेत आहे ती आपल्या रोजच्या चिकित्सालयात आहे काय?

सर्वेक्षण म्हणजे नेमके काय?

समजा, एका तालुक्याच्या गावी वीस खासगी चिकित्सालये आहेत. ज्येष्ठ महिन्यातील एका आठवड्यात त्यांपैकी प्रत्येकाकडे कावीळीचे दोन रुग्ण येतात. दोन रुग्ण कोणालाही विशेष वाटत नाहीत. प्रत्येक वैद्य पथ्य सांगतो, आरोग्यवर्धिनी आणि भूम्यामलकी देतो, आवश्यक तेथे रक्ततपासणी करवितो आणि पुढील रुग्णाकडे वळतो. चिकित्सा योग्यच असते. परंतु त्या गावात त्या आठवड्यात कावीळीचे चाळीस रुग्ण झालेले असतात, आणि हा आकडा कोणालाच माहीत नसतो. ते चाळीसही एकाच जलवाहिनीवरील असतील, तर चिकित्सा रुग्णांची चालू आहे आणि व्याधीचे मूळ मात्र रस्त्याखाली वाहते आहे, अशी स्थिती होते.

ही विखुरलेली माहिती एकत्र आणणे, नेहमीच्या प्रमाणाशी तिची तुलना करणे, वाढ दिसताच कारण शोधणे आणि उपाययोजना करणाऱ्यांपर्यंत ती वेळेवर पोहोचविणे, म्हणजे सर्वेक्षण. यातील ‘नेहमीचे प्रमाण’ हा शब्दप्रयोग महत्त्वाचा आहे. वर्षाऋतूत अतिसाराचे रुग्ण वाढणारच. ते गतवर्षीच्या याच पंधरवड्याच्या तुलनेत किती वाढले, एकाच वस्तीतील आहेत काय, एकाच वयोगटातील आहेत काय, हे पाहिल्याशिवाय साथ आहे की ऋतुधर्म आहे, हे ठरविता येत नाही.

वेळेचे महत्त्वही ध्यानात घेतले पाहिजे. हिपॅटायटिस-ई या जलजन्य कावीळीचा सुप्तिकाल साधारण दोन ते आठ आठवड्यांचा असतो. पहिला रुग्ण दारात येतो तेव्हा दूषित पाणी पोटात जाऊन कित्येक आठवडे उलटलेले असतात. माहिती कळण्यास आणखी पंधरा दिवस लागले, तर त्या काळात तेच पाणी आणखी कित्येक घरांत प्यायले जाते. २०१२ मध्ये इचलकरंजीत या व्याधीचा मोठा उद्रेक झाला, तो अनेकांच्या स्मरणात असेल. गर्भिणीस हा विकार विशेषतः घातक ठरतो, हे आपण जाणतोच.

इतिहासाची साक्ष

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात ज्वर आणि ग्रंथिशोथ असलेले रुग्ण दिसू लागले. हा प्लेग आहे, हे प्रथम ओळखले आणि नगरपालिकेच्या स्थायी समितीसमोर स्पष्टपणे मांडले ते डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. मूळचे गोव्याचे असलेले हे गृहस्थ मुंबईत खासगी वैद्यकव्यवसाय करीत. म्हणजे आपल्या देशाच्या आधुनिक इतिहासातील सर्वांत भयंकर साथींपैकी एकीची पहिली सूचना कोणा मोठ्या शासकीय प्रयोगशाळेने दिली नाही. वस्तीत जाऊन रुग्ण पाहणाऱ्या एका व्यावसायिकाने ती दिली.

पुढे जे घडले तेही विसरता कामा नये. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यात रँडसाहेबाच्या अमलात सैनिकांकरवी घरझडत्या सुरू झाल्या. रुग्णाला बळाने हलविणे, देवघरात व स्वयंपाकघरात शिरणे, सामान जाळणे यांमुळे लोकांच्या मनात प्लेगाहून अधिक धास्ती झडतीची बसली आणि रुग्ण लपविले जाऊ लागले. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, हा इतिहास शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. त्याच साथीत सावित्रीबाई फुले यांनी रुग्णांची शुश्रूषा केली आणि त्या संसर्गानेच १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. एकाच शहरात, एकाच साथीत, दोन रीती दिसतात. एकीने रुग्ण लपले, दुसरीने रुग्ण स्वतःहून आले. सर्वेक्षण लोकांच्या विश्वासावर चालते, धाकावर नव्हे, हा धडा तेव्हापासून आपल्यासमोर आहे.

त्यानंतर जवळजवळ शतकाने, ऑगस्ट १९९४ मध्ये, बीड जिल्ह्यातील मामला गावात गाठीच्या प्लेगचे संशयित रुग्ण आढळले. सप्टेंबरात सुरत शहरात फुप्फुसगत प्लेगची वार्ता पसरली. लक्षावधी लोकांनी शहर सोडले आणि त्यांत अनेक खासगी डॉक्टरही होते. देशभरात संशयितांची संख्या पाच हजारांवर गेली. मृत्यू सुमारे पन्नास झाले, परंतु भीतीमुळे व्यापार, प्रवास आणि निर्यात यांची जी हानी झाली ती मृत्यूंच्या मानाने कितीतरी मोठी होती. खात्रीशीर माहितीचा अभाव हाच त्या घबराटीचा मुख्य हेतू होता. या अनुभवानंतर १९९७-९८ मध्ये संसर्गजन्य रोगांच्या सर्वेक्षणाचा राष्ट्रीय कार्यक्रम काही जिल्ह्यांत सुरू झाला, आणि त्यातूनच पुढची यंत्रणा उभी राहिली.

आजची यंत्रणा

नोव्हेंबर २००४ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने ‘एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प’ सुरू झाला. पहिल्या टप्प्यात ज्या राज्यांचा समावेश झाला त्यांत महाराष्ट्र होता. जिल्हा पातळीवर जिल्हा सर्वेक्षण कक्ष, राज्य पातळीवर पुणे येथील कक्ष आणि देशपातळीवर दिल्ली येथील राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र, अशी तिची रचना आहे.

माहिती तीन प्रकारच्या नमुन्यांत गोळा होते. उपकेंद्रातील आरोग्यसेवक केवळ लक्षणांवरून नोंद करतात, तो ‘एस’ नमुना. वैद्यकीय अधिकारी इतिवृत्त व परीक्षणावरून संभाव्य निदान नोंदवितात, तो ‘पी’ नमुना. प्रयोगशाळेने सिद्ध केलेले निदान येते, तो ‘एल’ नमुना. पूर्वी हे आकडे आठवड्यातून एकदा संकलित होत. एप्रिल २०२१ पासून ‘एकात्मिक आरोग्य माहिती मंच’ देशभर लागू झाला आणि तेहेतीसहून अधिक रोगांची नोंद संगणकाद्वारे जवळजवळ तत्काळ होऊ लागली.

‘एस’ नमुन्यातील लक्षणसमूह वाचताना वैद्याला परकेपणा वाटण्याचे कारण नाही. सात दिवसांहून कमी काळचा ज्वर, तो केवळ ज्वर आहे, की पुरळ, रक्तस्राव, संज्ञानाश वा आक्षेप यांसह आहे. सात दिवसांहून अधिक काळचा ज्वर. कास, अल्पकालीन की दीर्घकालीन. द्रवमलप्रवृत्ती, जलन्यूनतेसह की रक्तासह. चार आठवड्यांहून कमी काळची कावीळ. पंधरा वर्षांखालील बालकात अकस्मात आलेला लुळेपणा. आणि नेहमीच्या अनुभवात न बसणारी, मृत्यूस वा रुग्णालयात दाखल करण्यास कारण होणारी लक्षणे. ज्वर, कास, अतिसार, प्रवाहिका, कामला, पक्षवध हे आपल्या निदानस्थानाचेच विषय आहेत. त्यासाठी यंत्रसामग्री लागत नाही. दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न पुरतात.

या यंत्रणेची मुख्य उणीव मात्र प्रारंभापासून सांगितली जात आहे. तिचा पाया शासकीय उपकेंद्रे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे यांवर उभा आहे, आणि रुग्ण मोठ्या संख्येने प्रथम खासगी चिकित्सकाकडे जातात. महाराष्ट्रातील तालुक्यांच्या गावी आणि शहरांच्या उपनगरांत हा पहिला चिकित्सक पुष्कळदा बी.ए.एम.एस. पदवीधर असतो. तो बोलला नाही, तर यंत्रणेला अर्धेच ऐकू येते.

पोलिओचा धडा

खासगी चिकित्सकांचे सहकार्य मिळविता येते, हे पोलिओ निर्मूलनाने सिद्ध केले आहे. १९९७ पासून देशात अकस्मात लुळेपणाचे जे सर्वेक्षण उभे राहिले, त्यात शासकीय रुग्णालयांबरोबर खासगी दवाखाने आणि भारतीय चिकित्सापद्धतींचे व्यावसायिकही जोडले गेले. पंधरा वर्षांखालील कोणत्याही बालकास अकस्मात लुळेपणा आला की कारण काहीही वाटो, कळवायचे, एवढाच नियम होता. त्यानंतर चोवीस तासांच्या अंतराने मलाचे दोन नमुने, लुळेपणा आल्यापासून चौदा दिवसांच्या आत घेतले जात.

या पद्धतीतील एक युक्ती विशेष मननीय आहे. पोलिओ नसतानाही दर एक लाख बालकांमागे वर्षाला किमान एका बालकास अन्य कारणांनी असा लुळेपणा येतोच. म्हणून एखाद्या जिल्ह्याने ‘आमच्याकडे एकही रुग्ण नाही’ असे कळविले, तर तो जिल्हा निरोगी आहे असे मानले जात नसे. तेथे कोणी पाहतच नाही, असा अर्थ घेतला जाई. शून्य हासुद्धा एक आकडा आहे आणि तोही तपासावा लागतो. देशातील वन्य पोलिओचा अखेरचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित झाला. लसीचे श्रेय निःसंशय मोठे आहे. परंतु शेवटचा रुग्ण खरोखर शेवटचाच आहे, हे सांगण्याचे सामर्थ्य सर्वेक्षणाचे होते.

आपल्या प्रांतातील काही उदाहरणे

चिकुनगुन्या हा व्याधी १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे उद्भवला होता. त्यानंतर तीन दशके तो देशात जवळजवळ विस्मृतीत गेला. २००५ च्या अखेरीस आंध्र, कर्नाटक आणि महाराष्ट्रात तो परतला आणि २००६ मध्ये देशभरात संशयितांची संख्या तेरा लाखांवर गेली. त्या काळात व्यवसाय करणाऱ्या वैद्यांना आठवत असेल की, ज्वर उतरल्यावर संधिशूल व संधिशोथ घेऊन येणाऱ्यांची आपल्याकडे रीघ लागली होती. संधिविकारासाठी आयुर्वेदाकडे यावे, ही समाजाची धारणाच आहे. अशा वेळी एकेका रुग्णाकडे आमवात वा संधिगत वात म्हणून पाहून थांबणे पुरेसे नसते. एकाच आळीतील पाच जणांना, एकाच पंधरवड्यात, ज्वरापाठोपाठ आमवात होत नसतो.

जुलै २०२१ मध्ये पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यातील बेलसर गावात ज्वराचे रुग्ण वाढले. रक्तनमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेकडे गेले, तेव्हा त्यांत डेंग्यू व चिकुनगुन्याबरोबर झिकाचाही रुग्ण निघाला. महाराष्ट्रातील तो पहिला झिकारुग्ण. ‘व्हायरल आहे, तीन दिवसांत उतरेल’ असे म्हणून सर्वच ताप सोडून दिले असते, तर गर्भस्थ शिशूच्या मस्तिष्काला अपाय करू शकणाऱ्या या विषाणूची वार्ता कळलीच नसती.

सह्याद्रीच्या दक्षिण भागात माकडताप, अर्थात क्यासनूर अरण्यज्वर, पसरला आहे. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात त्याचा शोध लागला. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात त्याचे रुग्ण आढळले. गोचिडांद्वारे पसरणाऱ्या या व्याधीत रानात माकडे मरून पडणे ही पहिली सूचना असते. चरकाचार्यांनी विकृत देशाच्या वर्णनात डास, माश्या, उंदीर, टोळ आणि हिंस्र प्राणी यांचा उल्लेख केला आहे. मनुष्याच्या रोगाची चाहूल पशुपक्ष्यांत आधी लागते, या दृष्टीने तो उल्लेख पुन्हा वाचावा. काजूच्या बागेत माकड मरून पडले, ही वार्ता त्या भागातील वैद्याच्या कानी सर्वांआधी येते.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण नेहमीच्या मानाने पुष्कळच अधिक दिसू लागले. संशयितांची संख्या दोनशेच्या वर गेली. अनेकांना लुळेपणा येण्यापूर्वी जुलाब वा उलट्या झाल्या होत्या आणि काही मलनमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू आढळला. संशयाची सुई पिण्याच्या पाण्याकडे वळली. हा उद्रेक लक्षात आला तो मोठ्या रुग्णालयांत, अर्थात मज्जातंतूंचा विकार प्रकट झाल्यावर. तो साधारणतः आंत्रसंसर्गानंतर एक ते तीन आठवड्यांनी प्रकटतो. मग त्याआधीच्या जुलाबांचे रुग्ण कोणाकडे गेले असतील? बहुधा कोपऱ्यावरच्या दवाखान्यात. कुटजघन वटी वा प्रतिजैविक घेऊन ते बरे होऊन परतलेही असतील. त्या आठवड्यातील अतिसाराचे आकडे एकत्र झाले असते, तर पाण्याकडे लक्ष कदाचित काही दिवस आधी गेले असते. दोष कोणाला देण्यासाठी हे लिहीत नाही. एकेकट्या चिकित्सकाला ते दिसणे शक्यच नव्हते. एकत्र नोंदीचे प्रयोजन नेमके येथेच आहे.

क्षयरोग आणि औषधविक्रेते

एका व्याधीबाबत सूचना देणे हा ऐच्छिक प्रश्न नाही. ७ मे २०१२ च्या केंद्रशासनाच्या आदेशाने क्षयरोग अधिसूचित झाला. प्रत्येक शासकीय व खासगी आरोग्यसेवकाने निदान वा उपचार केलेला प्रत्येक क्षयरुग्ण कळविणे आवश्यक ठरले. मार्च २०१८ च्या राजपत्रित अधिसूचनेने त्यास अधिक बळ दिले आणि प्रयोगशाळांबरोबर क्षयाची औषधे देणाऱ्या औषधविक्रेत्यांवरही हे दायित्व आले. ‘निक्षय’ या संगणकीय प्रणालीवर ही नोंद होते.

औषधविक्रेत्यांसाठी याचा पाया आधीच घातला गेला होता. १ मार्च २०१४ पासून अनुसूची ‘एच-१’ लागू झाली. तिच्यातील औषधे देताना चिकित्सकाचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषधाचे नाव व मात्रा यांची नोंद स्वतंत्र वहीत करून ती तीन वर्षे जपावी लागते. क्षयरोगाची औषधे या अनुसूचीत आहेत. ही वही निरीक्षक आला की दाखविण्यापुरती नसते. ती सर्वेक्षणाचे साधन आहे.

काही वैद्यांना वाटते की, नोंद केल्यास रुग्ण आपल्या हातून जाईल. वस्तुतः नोंद झालेल्या रुग्णासच ‘निक्षय पोषण’ योजनेचे साहाय्य मिळते. एप्रिल २०१८ मध्ये ते दरमहा ५०० रुपये होते आणि नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाले. रुग्णाच्या पोषणाचा विचार करणाऱ्या, राजयक्ष्म्यात बृंहण सांगणाऱ्या वैद्याने हे साहाय्य रुग्णापासून दूर ठेवू नये.

आयुर्वेदीय औषधी भांडारांचे चालक म्हणतील, आमचा यात काय संबंध? संबंध आहे. आपल्या गल्ल्यावर जे घडते ते साथीचे उत्तम मापन असते. त्रिभुवनकीर्ती आणि महासुदर्शन चूर्णाचा खप एकाएकी दुपटीने वाढला, कुटजारिष्टाच्या बाटल्या आठवडाभरात संपल्या, भूम्यामलकीची विचारणा दररोज होऊ लागली, महायोगराज गुग्गुळ तरुण मुलेही मागू लागली, तर यादी पाठवून माल मागविण्याबरोबर आणखी एक गोष्ट करता येते. ज्या वैद्यांच्या चिठ्ठ्या आपल्याकडे येतात त्यांना हे सांगता येते. चिठ्ठीविना येणारे रुग्ण तर केवळ आपल्यालाच दिसतात.

आपण का कळवत नाही?

आक्षेप अनेक आहेत आणि त्यांतील काही सर्वस्वी खरे आहेत. पहिला वेळेचा. सायंकाळच्या गर्दीत नमुना भरायला सवड कोणाला आहे? दुसरा भीतीचा. कळविले की पथक येईल, प्रश्न विचारील, रुग्ण बिथरतील, दवाखान्याचे नाव वर्तमानपत्रात येईल. तिसरा मानाचा. काही कार्यालयांत आयुर्वेदाच्या पदवीधराने दिलेली सूचना तुच्छतेने ऐकली जाते, हा अनुभव मीही घेतला आहे. चौथा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कळविल्यानंतर पुढे काय झाले, हे कोणी सांगतच नाही. नमुना पाण्यात टाकलेल्या खड्यासारखा नाहीसा होतो.

शासनाकडून अपेक्षा करावी ती या चौथ्या मुद्द्याबाबत. माहिती देणाऱ्यास उत्तर मिळाले, ‘आपल्या सूचनेवरून पाण्याचा नमुना घेतला, तो दूषित निघाला, वाहिनी दुरुस्त झाली’ एवढे एक वाक्य जरी कळविले गेले, तरी तो चिकित्सक पुन्हा आपणहून कळवील. आपल्या संघटनेच्या तालुका शाखांनी ही मागणी लेखी स्वरूपात तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे करावी, असे मी सुचवितो.

उरलेल्या आक्षेपांस मात्र उत्तर आहे. गोपनीयतेचा भंग होतो, ही समजूत योग्य नाही. आवश्यक तेवढी माहिती अधिकृत आरोग्य यंत्रणेस देणे आणि रुग्णाचे नाव चावडीवर सांगणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली कर्तव्य आहे, दुसरी अपराध. शिवाय उद्रेकाच्या सूचनेत प्रारंभी नावाची गरजही नसते. व्याधीचे स्वरूप, रुग्णसंख्या, वयोगट आणि वस्ती एवढे पुरते. मानाबाबत एवढेच म्हणतो की, अचूक नोंदीसारखा दुसरा उत्तम प्रतिवाद नाही. तारीखवार आकडे समोर ठेवणाऱ्याची पदवी कोणी विचारीत नाही.

आचरणात आणावयाच्या काही गोष्टी

एक, दैनंदिन रुग्णनोंदवहीत नाव, वय व औषध यांच्या जोडीला वस्ती आणि लक्षणारंभाची तारीख हे दोन रकाने घालावेत. रुग्ण आपल्याकडे कधी आला यापेक्षा आजारी कधी पडला, हे साथीच्या शोधात अधिक उपयोगी असते.

दोन, आठवड्याच्या अखेरीस पाच आकडे काढावेत : ज्वर, अतिसार-प्रवाहिका, कावीळ, दीर्घकालीन कास आणि पुरळासह ज्वर. मी हे रविवारी सकाळी करतो, त्यास पंधरा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. वर्षभरात आपल्या चिकित्सालयाचे ‘नेहमीचे प्रमाण’ हाती येते. मग वाढ अंदाजाने नव्हे, आकड्याने कळते.

तीन, काही रुग्णांबाबत संख्येची वाट पाहू नये. बालकातील अकस्मात लुळेपणा, तीव्र जलन्यूनतेसह विसूचिका, घशात पडदा धरलेला रोहिणीचा संशय, गोवरसदृश पुरळ, ज्वरासह रक्तस्राव, तसेच एकाच घरातील वा समारंभातील अनेकांना एकाच वेळी झालेला विकार, यांत एकच सूचना त्याच दिवशी द्यावी आणि रुग्णास योग्य त्या रुग्णालयात विनाविलंब पाठवावे.

चार, कोणाला कळवायचे ते आधीच ठाऊक असावे. नजीकचे प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुका आरोग्य अधिकारी आणि जिल्हा सर्वेक्षण अधिकारी यांचे दूरध्वनी क्रमांक मेजाच्या काचेखाली ठेवावेत. शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागाशी संपर्क ठेवावा. दूरध्वनी केल्यावर तारीख व वेळ आपल्या वहीत लिहून ठेवावी.

पाच, निदान आयुर्वेदीय संज्ञांत अवश्य लिहावे. आयुष मंत्रालयाने २०१७ मध्ये ‘नमस्ते’ या संगणकीय व्यवस्थेद्वारे व्याधींच्या प्रमाणित संज्ञा व संकेतांक उपलब्ध केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणातही १० जानेवारी २०२४ पासून आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांच्या संज्ञांचा विभाग समाविष्ट झाला आहे. परंतु उद्रेकाची सूचना देताना ऐकणाऱ्यास समजेल असे सरळ लक्षणवर्णन करावे. ‘कामला’ लिहिले तरी ‘डोळे व लघवी पिवळी, भूक मंद, पाच दिवस’ असे सांगावे.

सहा, अनुमान आणि निश्चिती यांत गल्लत करू नये. प्रयोगशाळेचा निर्वाळा येण्यापूर्वी रोगाचे नाव जाहीर करणे, त्यावर रामबाण औषध असल्याची पाटी लावणे वा फोनवरून संदेश फिरविणे, हे सर्वेक्षणाचे शत्रू आहेत. १९९४ च्या सुरतेत प्लेगाहून वेगाने अफवा धावली. घबराट पसरविणारा वैद्य आणि मौन पाळणारा वैद्य, दोघेही समाजाचे सारखेच नुकसान करतात.

सात, तालुका शाखेच्या मासिक बैठकीत व्याख्यानापूर्वी दहा मिनिटे ‘आपल्याकडे काय दिसते?’ या प्रश्नासाठी राखून ठेवावीत. प्रत्येकाने आपले पाच आकडे सांगावेत. औषधी भांडारांच्या चालकांनाही या बैठकीस बोलवावे. वर उल्लेखिलेले ते चाळीस कावीळरुग्ण अशाच दहा मिनिटांत सापडण्याची शक्यता असते.

अलीकडे आरोग्य यंत्रणांच्या कार्यक्षमतेसाठी ‘सात-एक-सात’ असे परिमाण मांडले जाते : उद्भवापासून सात दिवसांत उद्रेक ओळखावा, एका दिवसात कळवावा आणि सात दिवसांत प्रतिबंधाचे प्रारंभिक उपाय पूर्ण करावेत. यातील शेवटचे सात दिवस शासनाचे आहेत. पहिले सात आणि मधला एक, हे मात्र पुष्कळ अंशी आपल्या हाती आहेत.

साथरोगांच्या काळात आयुर्वेदास योग्य स्थान मिळत नाही, अशी आपली नेहमीची तक्रार असते आणि तिच्यात तथ्यही आहे. परंतु ते स्थान केवळ काढ्यांच्या पाकिटांनी मिळणार नाही. आपल्याकडे नियमितपणे लिहिलेल्या नोंदी असतील, आपल्या सूचना वेळेवर व अचूक असतील, तर शासनाला आपल्याकडे यावेच लागेल. स्वस्थाच्या स्वास्थ्याचे रक्षण हे आपल्या शास्त्राचे पहिले प्रयोजन आहे, आतुराच्या विकाराचे प्रशमन त्यानंतर येते. एखाद्या कुटुंबाने नळाचे दूषित पाणी प्यायचे टाळले आणि त्यामुळे आपल्या दवाखान्यात त्यांपैकी कोणीच आले नाही, तर ती चिकित्सा कोणत्याही केसपेपरवर नोंदली जाणार नाही, तिचे शुल्कही मिळणार नाही. तरीही ती वैद्यकर्मातच मोडते. वाचक वैद्यमित्रांनी आणि औषधविक्रेत्यांनी येत्या ऋतुसंधीपासूनच, वर्षेच्या प्रारंभाची वाट न पाहता, आपल्या नोंदवहीत ते दोन रकाने आखावेत, ही विनंती.